एईडी, पोलिसांकडील

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या माणसाच्या छातीला विजेचा धक्का देऊन ठोका ताळ्यावर आणणारे, तोंडी सूचना देत वापरणाऱ्याला पुढे नेणारे सुटसुटीत यंत्र म्हणजे एईडी. रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचणाऱ्या पोलिसाच्या हाती ते देण्याची पद्धत 1990 पासून अमेरिकेत रुजली. भारतात ती तुरळक आहे. खानदेशातील भडगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तिचा विचार यंत्राच्या आधी निरोपाच्या वाटेपासून करावा लागतो.

यंत्र व कार्य : हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, छाती धरून बसतो. क्रिया बंद पडली की काही सेकंदांत शुद्ध हरपते, श्वास थांबतो किंवा नुसते आचके लागतात. अशा वेळी पुष्कळदा हृदयाचे खालचे कप्पे थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. एईडीच्या दोन चिकटपट्ट्या उघड्या, कोरड्या छातीवर लावल्या की यंत्र हृदयाचा आलेख स्वतः वाचते. थरथर किंवा धक्क्याने सुटणारी तशीच बिघडलेली लय असेल तरच ते धक्क्याचे बटण दाबायला सांगते. ठोका व्यवस्थित असेल किंवा हृदय पुरते निश्चल असेल तर धक्का नाकारते. आपल्या हातून माणूस दगावेल ही शिपायाची भीती त्यामुळे बरीचशी अनाठायी ठरते. छाती दाबत राहण्याचे काम मात्र यंत्र करत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेली सामान्य माणसासाठीची पद्धत तोंडाने श्वास देण्याचा आग्रह धरत नाही. मिनिटाला 120 या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब एवढेच ती मागते. काहीच केले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

इतिहास : क्लॉड बेक यांनी 1947 मध्ये क्लीव्हलंड येथे शस्त्रक्रियेदरम्यान उघड्या हृदयाला धक्का देऊन एका मुलाला वाचवले. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी 1965 च्या सुमारास मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, जवळपास 70 किलो वजनाचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले. आलेख स्वतः वाचणारी यंत्रे सत्तरच्या दशकाअखेरची.

रोचेस्टरचा प्रयोग : मेयो क्लिनिकचे गाव असलेल्या मिनेसोटातील रोचेस्टरमध्ये 1990 साली पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांत एईडी ठेवण्यात आले. मेयोचे डॉ. रॉजर व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी नोंदी चिकाटीने जपल्या, म्हणूनच या विषयावरचे बहुतेक लेखन याच गावापासून सुरू होते. 1996 मध्ये त्यांनी हृदयाची थरथर आढळलेल्या 84 रुग्णांचा हिशेब मांडला. 31 जणांना पहिला धक्का पोलिसांनी दिला होता, 53 जणांना रुग्णवाहिकेच्या पथकाने. पोलिसांच्या 31 पैकी 18 जण बरे होऊन घरी गेले, पथकाच्या 53 पैकी 23. दोन्ही गट लहान आहेत, तेव्हा टक्केवारीतल्या फरकावर फार भार टाकता येत नाही. अधिक बोलका तपशील वेगळा आहे. पोलिसांच्या गटातील 13 जणांचे रक्ताभिसरण केवळ धक्क्याने, औषध किंवा श्वासमार्गात नळी घालण्याची गरज लागण्याआधीच परत आले आणि ते तेराही जण वाचले.

हे साधले याचे कारण एकाच फोनवर पोलीस आणि रुग्णवाहिका दोघांनाही बरोबरच निरोप जात होता. ही व्यवस्था नसती तर गाडीतले यंत्र गाडीतच राहिले असते.

मायामी-डेड परगण्यातील 2002 चा अभ्यास आकाराने मोठा आणि निष्कर्षात सावध आहे. पोलीस सामील झाल्यावर पहिली मदत पोहोचण्याचा सरासरी वेळ 7.64 मिनिटांवरून 4.88 मिनिटांवर आला. बिघडलेली लय धक्क्याने सुटण्याजोगी असलेल्या रुग्णांत वाचण्याचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 17.2 टक्क्यांवर गेले. इतर रुग्णांना काही लाभ झाला नाही. लास व्हेगासच्या जुगारगृहांत प्रशिक्षित सुरक्षारक्षकांनी कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का दिलेल्यांपैकी 74 टक्के वाचले, उशीर झालेल्यांपैकी 49 टक्के. हे आकडे 2000 साली प्रसिद्ध झाले.

भारत : हैदराबादेत फेब्रुवारी 2023 मध्ये एका वाहतूक पोलिसाने भर रस्त्यात छाती दाबून एका माणसाला वाचवले. त्याची चित्रफीत सर्वदूर पोहोचली आणि लगोलग तेलंगण सरकारने सीपीआर, म्हणजे अशी छाती दाबण्याच्या, प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी प्रवाशांना असेच वाचवल्याच्या घटना आहेत. 2018 मधील मुंबई विमानतळावरची त्यांपैकी एक. कर्नाटकाने अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने 2023 मध्ये सुरू केलेली हृदयविकारासाठीची योजना तालुका रुग्णालयांच्या पातळीवरची आहे, पोलिसांची नव्हे.

महाराष्ट्र : 108 क्रमांकाची, डॉक्टर सोबत असलेली रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली, तिचे नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला आहे. पोलिसांच्या 112 चे कॉल नवी मुंबईत महापे आणि नागपूर येथे घेतले जातात. म्हणजे घरचा माणूस कोसळल्यावर 108 लावणाऱ्याचा निरोप पुण्याला जातो आणि 112 लावणाऱ्याचा महाप्याला किंवा नागपूरला. जवळच्या वळणावर उभ्या असलेल्या पोलीस गाडीला त्याच क्षणी कळेल अशी जोडणी हा रोचेस्टरपासून घेण्याजोगा पहिला धडा आहे, आणि त्याला यंत्राइतका खर्चही नाही.

भडगाव : गिरणाकाठचे हे तालुक्याचे गाव जळगाव–पाचोरा–चाळीसगाव रस्त्यावर, जळगावपासून साधारण 60 किलोमीटरवर आहे. वैद्यकीय महाविद्यालये जळगाव आणि धुळे येथे. गावातल्या गावात, बाजारपेठेत किंवा बसस्थानकावर पोलीस गाडी चार-पाच मिनिटांत येऊ शकते. कजगाव, कोळगाव, गुढे किंवा वाडे येथे तेवढ्या वेळात कोणतीच गाडी येणार नाही. तिथे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 खाली नेमलेला पोलीस पाटील हाच सर्वांत जवळचा पोलीस. छाती दाबण्याचे प्रशिक्षण त्याच्यापासून सुरू करणे गाडीत यंत्र ठेवण्याइतकेच निकडीचे आहे. एरवी अशा मृत्यूत पोलिसांचा प्रवेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो, अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा करण्यासाठी. याच माणसांना अर्धा तास आधी बोलावता आले असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या भागातली एक गरज शहरी अभ्यासांत दिसत नाही. केळी-कपाशीच्या शेतात रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करताना शॉक बसलेल्या तरुण, धडधाकट माणसाचे हृदय नेमके त्याच थरथरीत अडकते. धक्क्याने परत येण्याची शक्यता अशा हृदयाची चांगली असते. आधी पुरवठा बंद करणे, मग अंगाला हात लावणे, ओली छाती पुसून पट्ट्या चिकटवणे हा क्रम चुकला तर मदतीला आलेलाही जातो.

निगा : बहुतेक यंत्रे 0 ते 50 अंश सेल्सिअसमध्ये वापरण्यासाठी बनलेली असतात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून पुष्कळ वर. पट्ट्यांवरील जेल वाळते, बॅटरी खराब होते. म्हणून उन्हाळ्यात यंत्र ठाणे अंमलदाराच्या खोलीत ठेवून गस्तीला निघताना सोबत घेणे बरे. ठाण्याच्या नोंदवहीत पट्ट्या व बॅटरीची मुदत लिहिलेली असावी. छातीवरचे केस काढायला वस्तरा आणि कोरडा टॉवेल पेटीतच हवेत.

कायदा : मोटार वाहन कायद्याचे कलम 134अ मदतगाराला रस्ते अपघातापुरते संरक्षण देते. इतर प्रसंगी भारतीय न्याय संहितेचे कलम 30, म्हणजे संमती मिळणे अशक्य असताना सद्‌भावनेने केलेली कृती, लागू पडू शकते.

किंमत : यंत्रामागे साधारण लाख रुपयांच्या आसपास, पट्ट्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात.