धावणाऱ्याचा गुडघा

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य हमालांच्या संघटनेत गेले. गुडघा धरून बसलेल्या माणसाला 'सोंग करतो' असे हिणवलेले आम्ही मोंढ्यात पुष्कळदा ऐकले. म्हणूनच अशा एका दुखण्याचा इतिहास आम्ही मुद्दाम वाचून काढला.

परभणीला धावणे नवे नाही. इथल्या ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी कितीतरी पोरे पहाटे रस्त्यावर उतरतात. त्यांतल्या एखाद्याला काही अंतर धावल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. थांबला की ती ओसरते. बघणारा म्हणतो, पोरगा कच खातो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूने, कमरेच्या हाडापासून नडगीच्या वरच्या टोकापर्यंत एक चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला इलिओटिबियल बँड म्हणतात. एका पायावर भार आला की कंबर सावरण्यास तो मदत करतो. फ्रान्सच्या माय्सिया यांनी १८४३ साली त्याचे वर्णन केले व तिकडे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

त्या पट्ट्यापाशी होणाऱ्या दुखण्याची नीट नोंद मात्र १९७५ साली जेम्स रेन यांनी केली, तीही अमेरिकेच्या मरीन सैनिकांत. गुडघा सुमारे ३० अंश वाकला की पट्टा हाडाच्या उंचवट्यावर घासतो, असा त्यांचा निष्कर्ष. तीस वर्षे तोच प्रमाण मानला गेला. २००६ साली फेअरक्लफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की हा पट्टा सुटा नसून मांडीच्या आवरणाचाच जाड भाग आहे, आणि धाग्यांनी हाडाशी बांधलेला आहे. तो पुढेमागे सरकल्याचा नुसता भास होतो. खरोखर चेंगरते ती त्याखालची चरबी, आणि तिच्यात मज्जातंतू भरपूर! वाद अजून पुरता मिटलेला नाही; पण दुखणे खरे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

अंतर एकाएकी वाढविले, उतारावर फार धावले, की ते बळावते. काही दिवस धाव कमी करावी, कमरेच्या स्नायूंना बळ द्यावे, मग हळूहळू अंतर वाढवावे. पण भरतीची तारीख तोंडावर आलेला पोरगा थांबणार कसा? घरची भाकरी त्या गुडघ्यावर अवलंबून असते. निदान त्याला भित्रा म्हणू नये, वेळीच डॉक्टरांकडे न्यावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.