प्रतिसाद संदेश, वेब सर्व्हरचा (सी भाषेतील रचना आणि प्रेषण)

ब्राउझरच्या मागणीला उत्तर म्हणून वेब सर्व्हर एचटीटीपीच्या नियमांनुसार जी बाइटमालिका परत धाडतो, तिला प्रतिसाद संदेश म्हणतात. पीएचपी किंवा पायथनमध्ये काम करणाऱ्याला तिची बांधणी सहसा दिसतही नाही. सी भाषेत मात्र ती हाताने करावी लागते. हेडर कुठे संपले, बॉडी किती बाइटांची आहे, त्यांपैकी किती बाइट कर्नलने खरोखर स्वीकारले, हा सगळा हिशेब प्रोग्रामरने ठेवायचा असतो. मजकूर देवनागरीत असेल, तर याच हिशेबात चुका होण्याच्या जागा वाढतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत त्या जागा क्वचितच दिसतात, म्हणून या नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हा प्रतिसादाला स्टेटस लाइन नव्हती आणि हेडरही नव्हते. सर्व्हर एचटीएमएल मजकूर पाठवी आणि जोडणी तोडी. जोडणी तुटली म्हणजे मजकूर संपला, असे ब्राउझर समजे. पुढे या रीतीला ०.९ आवृत्ती म्हणू लागले. १.० आवृत्तीचे वर्णन मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ म्हणून प्रसिद्ध झाले, १.१ जानेवारी १९९७ मध्ये आली, आणि तिची आजची व्याख्या जून २०२२ च्या आरएफसी ९११२ मध्ये आहे. सर्नचा सर्व्हर, रॉब मॅककूल यांनी इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए संस्थेत लिहिलेला सर्व्हर, त्यातून १९९५ मध्ये निघालेला अपाची आणि इगोर सिसोएव्ह यांचा २००४ मध्ये खुला झालेला एन्जिनएक्स हे सारे सीमध्ये लिहिलेले आहेत. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आलेली सॉकेटची फंक्शन्स त्या सर्वांच्या तळाशी आहेत.

संदेशाची ठेवण साधी आहे. पहिली स्टेटस लाइन, तिच्याखाली एकेका ओळीत हेडर, मग एक रिकामी ओळ आणि शेवटी बॉडी. देवनागरी लिपीत उतरवून दाखवायचे तर:

एचटीटीपी/१.१ २०० ओके
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८
कंटेंट-लेंग्थ: २१

नमस्कार

प्रत्यक्षात बॉडीच्या वरचे सगळे रोमन अक्षरांत आणि आस्की अंकांतच जावे लागते. स्टेटस कोड देवनागरी अंकांत पाठवला तर ब्राउझर तो ओळखणार नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड असे दोन बाइट लागतात. युनिक्सच्या सवयीने नुसते लाइन फीड लिहिले तर अनेक ब्राउझर चालवून घेतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे दडून राहते. एखाद्या काटेकोर प्रॉक्सीशी गाठ पडते, तेव्हा ती उघडी पडते.

वरच्या उदाहरणातील २१ हा आकडा कळीचा आहे. ‘नमस्कार’ वाचताना चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती सात चिन्हे आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून एकूण बाइट २१. नुसत्या ‘न’चे बाइट २२४, १६४ आणि १६८ असे आहेत. कंटेंट-लेंग्थमध्ये बाइटच मोजायचे असतात. तेथे सात लिहिले तर ब्राउझर सातच बाइट घेईल. ‘नम’ दिसेल आणि ‘स’च्या तुटलेल्या बाइटाच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येईल. जोडणी खुली ठेवलेली असेल, तर उरलेले १४ बाइट पुढच्या प्रतिसादाची सुरुवात समजले जाण्याचा धोका असतो. उलट ३० लिहिले, तर न आलेल्या नऊ बाइटांची वाट पाहत पान अडकते.

जुन्या प्रणालींवरून आलेल्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागला, आणि त्याला कारण आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की संकेतात, ज्यावर पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने मोठे काम केले, एका चिन्हाला एकच बाइट लागे. तेथे ‘नमस्कार’ खरोखरच सात बाइटांचा होता.

सीमध्ये स्ट्रलेन हे फंक्शन बाइटच मोजते, त्यामुळे यूटीएफ-८ मजकुरासाठी त्याचे उत्तर योग्य येते. वाइड कॅरॅक्टरमध्ये बदलून मोजणारा प्रोग्रामर फसतो. चित्रासाठी मात्र स्ट्रलेन निरुपयोगी आहे, कारण ते पहिल्या शून्य बाइटाशी थांबते आणि चित्राच्या फाइलमध्ये असे बाइट भरपूर असतात. फाइलची लांबी एफस्टॅटकडून घ्यावी.

हेडर बांधण्यासाठी एसएनप्रिंटएफ वापरतात. ते परत देत असलेला आकडा बफरमध्ये मावलेल्या बाइटांचा नसतो. पुरेशी जागा असती तर किती बाइट लिहिले गेले असते, त्याचा असतो. तो बफरच्या आकाराशी ताडून न पाहता तसाच सेंडला दिला, तर बफरच्या पलीकडची मेमरी परक्या माणसाच्या हाती जाते. ही चूक अक्षम्य मानावी. वाचकाकडून आलेला मजकूर हेडरमध्ये घालताना त्यातील कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड नाकारणेही तितकेच गरजेचे आहे. नाहीतर बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरच्या नावाने स्वतःचे हेडर, अगदी अख्खा दुसरा प्रतिसादही घुसवू शकतो.

दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या लोकेशन हेडरमध्ये ‘पुणे’ लिहायचे असल्यास त्याचे बारा बाइट टक्केचिन्ह आणि दोन षोडशमान अंकांत लिहावे लागतात, म्हणजे ३६ अक्षरे. इंटेल जातीच्या यंत्रांवर चार हा प्रकार सहसा चिन्हसहित असतो, तेव्हा २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो आणि दोन अंकांऐवजी आठ अंक छापले जातात. अनसाइन्ड चारमध्ये घेतल्यावर हा दोष जातो.

डेट हेडरमध्ये वारांची आणि महिन्यांची नावे इंग्रजीतच लागतात आणि वेळ ग्रिनिचची लागते. ती स्ट्रएफटाइमने तयार करणारा सर्व्हर चाचणीत ठीक चालतो. यंत्राची भाषा मराठी असेल आणि प्रोग्रामने सुरुवातीला सेटलोकेल करून ती उचलली असेल, तर मात्र हेडरमध्ये ‘सोम’, ‘मंगळ’ उमटतात. नावांची छोटी सारणी स्वतः ठेवणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा इलाज आहे.

संदेश तयार झाला तरी तो एका हाकेत जाईल असे नाही. सेंडला दहा हजार बाइट दिले आणि त्याने चार हजार घेतले, तर तो दोष नव्हे, करारच तसा आहे. परत आलेल्या आकड्याइतके पुढे सरकून उरलेले पुन्हा द्यायचे, असे आवर्तन लिहावे लागते. सिग्नलने व्यत्यय आला तर पुन्हा प्रयत्न करायचा. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असेल आणि बफर भरलेला असेल, तर पोल किंवा ईपोलने जागा होण्याची वाट पाहायची. या तुकड्यांत एखादे देवनागरी चिन्ह मधोमध तुटले तरी बिघडत नाही, कारण टीसीपी बाइटांचा क्रम राखते आणि पलीकडे ते सांधले जातात. वाचकाने मध्येच पान बंद केले तर सिगपाइप हा सिग्नल येतो आणि त्याची मूळ वर्तणूक अख्खी प्रोसेस मारण्याची आहे. एका वाचकाच्या कंटाळ्याने सगळ्यांचा सर्व्हर पडू नये, म्हणून तो सुरुवातीलाच दुर्लक्षित करून ठेवतात.

हेडर आणि बॉडी वेगवेगळ्या बफरांत असतील तर राइटव्ही दोन्ही एकत्र धाडते, त्यामुळे छोटी पाकिटे अडून राहत नाहीत. लिनक्सवर सेंडफाइल फाइलचा मजकूर प्रोग्रामच्या मेमरीत न आणता थेट सॉकेटकडे वळवते. लांबी आधी ठाऊक नसेल तर १.१ मध्ये तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची सोय आहे: प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी षोडशमान अंकांत, आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा. हेड मागणीला आणि २०४ किंवा ३०४ कोडाच्या प्रतिसादाला बॉडी द्यायचीच नसते.

जोडणी बंद करतानाही घाई नडते. मागणीतले काही बाइट न वाचता क्लोज केले, तर कर्नल समोरच्याला रीसेट धाडू शकतो आणि वाटेत असलेला प्रतिसादही ब्राउझरच्या हाती लागत नाही. मोठी फाइल चढवणाऱ्याला ४१३ हा नकार कळवताना हे विशेष घडते: नकाराचा संदेश पोचत नाही, नुसती जोडणी तुटल्याचे दिसते. म्हणून आधी शटडाउनने फक्त पाठवण्याची बाजू मिटवतात, समोरून येणारे उरलेले बाइट ठराविक वेळ वाचून टाकून देतात, आणि त्यानंतरच क्लोज करतात.