फळा, पडदा आणि शिक्षक

मंडळी, ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगणक येतो. पण एके काळी फळा हेही नवं तंत्रज्ञान होतं, आणि तो वापरायलासुद्धा शिक्षकांना शिकावं लागलं.

१८७२ साली जपानने देशभरासाठी नवी शिक्षणव्यवस्था जाहीर केली. त्याच वर्षी टोकियोत शिक्षक घडवणारी शाळा निघाली आणि तिथे मॅरियन स्कॉट या अमेरिकन शिक्षकाची नेमणूक झाली. तोवर तिथल्या ‘तेराकोया’ शाळांत प्रत्येक मूल आपापला कित्ता गिरवायचं, आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेसारखंच. स्कॉटने फळा, पाट्या, भिंतीवरचे तक्ते वापरून सगळ्या वर्गाला एकदम शिकवून दाखवलं. भावी शिक्षक बघत होते. या बघण्यातून पुढे ‘जुग्यो केंक्यू’ रुजलं, म्हणजे पाठाचा अभ्यास. एकाने वर्ग घ्यायचा, सहकाऱ्यांनी टिपणं काढायची, मग सर्वांनी मिळून चिकित्सा करायची. चिकित्सा पाठाची बरं का, माणसाची नव्हे.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाचा उपग्रह वापरून ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शन संच बसले. त्यातून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षण दिलं गेलं. काम अफाट होतं. जोडीला छापील साहित्य होतं, चर्चाही होती. पण पडदा एकतर्फी होता. जाणकाराने सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं, ही प्रवचनाची सवय आपल्या अंगात होतीच; यंत्राने ती आणखी पक्की केली.

म्हणून जपान पुढे आणि आपण मागे, असं मी म्हणत नाही. २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, मुलांना वर्गात संगणकीय साधनं नेहमी वापरू देणारे जपानी शिक्षक पाचांत एकापेक्षाही कमी निघाले. फळ्यावरचा पाठ इतका घोटून परिपूर्ण झाला होता की यंत्राला जागाच उरली नव्हती! म्हणजे संस्कृती हात धरते, तशी पायही धरते.

माझ्या मते खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. ‘मला हे येत नाही’ असं शिक्षकाला वरिष्ठांसमोर, सहकाऱ्यांसमोर न लाजता म्हणता येतं का? ज्या समाजात ते म्हणता येत नाही, तिथे प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं वाढतात आणि यंत्रं मात्र कपाटात कुलूपबंद राहतात.