आमाडेउस
आमाडेउस : ऑस्ट्रियन संगीतरचनाकार व्होल्फगांग आमाडेउस मोट्सार्ट (१७५६–९१) व व्हिएन्नाच्या दरबारातील इटालियन संगीतकार आंतोन्यो साल्येरी (१७५०–१८२५) यांच्या वैराच्या दंतकथेवर आधारलेला अमेरिकन चित्रपट (१९८४). इंग्रज नाटककार पीटर शाफर याने स्वतःच्या याच नावाच्या नाटकावरून (१९७९) पटकथा लिहिली. दिग्दर्शन मीलॉश फॉर्मनचे. त्यास आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली.

विषप्रयोगाची वदंता शाफरने निर्माण केलेली नव्हे. साल्येरीच्या अखेरच्या आजारपणात ती व्हिएन्नात पसरली होती व बेथोव्हनच्या संभाषणवह्यांतही तिचे उल्लेख आढळतात. साल्येरीच्या शुश्रूषकांनी तिचा इन्कार केला. तथापि पुश्किनने १८३० मध्ये तीवर पद्यनाट्य लिहिले व रिम्स्की-कॉर्साकॉव्हने त्याची संगीतिका केली (१८९८).

चित्रपटात प्रत्यक्ष विषप्रयोग नाही. मुखवटा घालून साल्येरी मोट्सार्टकडून मृतशांतिसंगीत (रेक्विएम) लिहवून घेतो व अखेरच्या रात्री स्वतःच त्याचा लेखनिक होतो, असे दाखविले आहे. हा प्रसंग नाट्यदृष्ट्या अप्रतिम, परंतु सर्वस्वी कल्पित आहे. ही रचना काउंट फोन वाल्झेक या सरदाराने आपल्या दिवंगत पत्नीसाठी मध्यस्थामार्फत, नाव गुप्त ठेवून मागविली होती. मोट्सार्टच्या मृत्यूनंतर ती त्याचा साहाय्यक झ्यूसमायर याने पूर्ण केली. गुप्त मागणी करणारा अनोळखी मनुष्य खरा, त्यामागील सूड मात्र खोटा. मोट्सार्टचे दफन साध्या कबरीत झाले, तेही दारिद्र्यामुळे नव्हे, तर सम्राट दुसरा जोझेफ याच्या काळात रूढ झालेल्या साध्या दफनपद्धतीनुसार. मोट्सार्टचा आचरटपणा अतिरंजित असला, तरी निराधार नाही. चुलत बहिणीस लिहिलेली त्याची पत्रे याची साक्ष देतात.

खरा अन्याय झाला तो साल्येरीवर. ईश्वराला ब्रह्मचर्य अर्पिणारा, सामान्य प्रतिभेचा मत्सरी मनुष्य म्हणून तो पडद्यावर येतो. वस्तुतः तो विवाहित व आठ अपत्यांचा पिता होता. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचे उद्‌घाटन त्याच्याच संगीतिकेने झाले (१७७८). बेथोव्हन, शूबर्ट व लिस्ट हे त्याचे शिष्य. मोट्सार्टचा धाकटा मुलगाही त्याच्याकडे शिकला. दरबारातील इटालियन मंडळी आपल्या आड येतात, अशी तक्रार मोट्सार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रांत आहे. परंतु व्यावसायिक स्पर्धा व हत्या यांत अंतर आहे. मृत्यूपूर्वी दोनच महिने, ऑक्टोबर १७९१ मध्ये, मोट्सार्टने साल्येरीला स्वतः ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेच्या प्रयोगास नेले आणि त्याने केलेली मनमुराद स्तुती पत्नीला कळविली.

चित्रीकरण मुख्यतः प्रागमध्ये झाले. तेथील ज्या नाट्यगृहात १७८७ मध्ये ‘डॉन जोव्हान्नी’चा पहिला प्रयोग झाला, तेही त्यासाठी वापरले गेले. एका गायिकेच्या प्रकृतिस्वास्थ्यानिमित्त १७८५ मध्ये मोट्सार्ट व साल्येरी यांनी मिळून रचलेली गीतरचना दीर्घकाळ हरवली होती. ती प्रागमधीलच एका संग्रहात सापडली व २०१६ मध्ये तेथे वाजविण्यात आली.