रजोनिवृत्ती : नारायणगाव परिसर

रजोनिवृत्ती : वयोमानानुसार बीजांडकोशांचे काम थांबून स्त्रीची मासिक पाळी कायमची बंद होणे. सलग 12 महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भारपण, आजार किंवा औषध असे दुसरे कारण नसले, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. सुश्रुतसंहितेने रजःस्रावाचा काळ 12 ते 50 वर्षे असा सांगितला आहे. आजच्या पाहण्यांत भारतीय स्त्रीचे रजोनिवृत्तीचे सरासरी वय 46–47 येते, पाश्चात्त्य देशांत ते 51 च्या आसपास आहे. पाळी चाळिशीच्या आत गेली तर ती अकाली समजून तपासणी करावी लागते.

पाळी एका महिन्यात तुटत नाही. बीजांडकोशातील बीजांचा साठा संपत आला की इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वरखाली होऊ लागते. पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने येतच नाही, आणि आली की अंगावरून फार जाते. हा संक्रमणकाळ बहुधा चार-पाच वर्षांचा असतो. मेंदूतील तापमान-नियंत्रण बिघडल्याने छाती, मान व चेहरा एकाएकी तापतो आणि घाम फुटतो. याच त्या झळा. झळा रात्री आल्या की झोप मोडते. चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी यांतले बरेचसे या मोडलेल्या झोपेच्या खात्यावर टाकता येते. योनिमार्ग कोरडा पडणे, संबंधाच्या वेळी दुखणे, वारंवार लघवी लागणे ही लक्षणे मात्र उशिरा सुरू होतात आणि आपणहून जात नाहीत. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, आणि हृदयविकारापासूनचे संरक्षणही ओसरते.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हा काळ येतो तेव्हा बाई ऐन कामात असते. टोमॅटोची तोडणी, द्राक्षबागेतली विरळणी, कांद्याची लागण ही कामे मुख्यतः बायकांच्या हातची. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून नारायणगावकडे मजुरीला येणाऱ्या बायकाही त्यांत आहेत. वैशाखातल्या उन्हात ओणव्याने काम करणारीला झळ आतली की बाहेरची हे कळणार कसे? शेतात आडोसा नसतो म्हणून बायका पाणी कमी पितात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि या वयात तो पुन्हा पुन्हा उलटतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) कार्यक्रमाच्या मध्यात बाळंत होऊन पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथा कौतुकाने सांगितली जाते. घुंगरू बांधून पन्नाशीत पोचलेल्या कलावंतिणीला रात्रीच्या बारीत झळ आली तर ती काय करते, याची कथा कोणी सांगत नाही.

पाळी जाण्याचे सुखही आहे आणि ते नोंदवले पाहिजे. देवघर, यात्रा, नैवेद्याचा स्वयंपाक यांतली आडकाठी संपते. ‘सुटले एकदाची’ हा उद्गार अनेकींच्या तोंडी येतो, आणि तो खरा असतो. मात्र मूल राहण्याची शक्यता लगेच संपत नाही: पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते. ज्यांची नसबंदी झाली आहे त्यांना हा प्रश्न नाही.

या परिसरात रजोनिवृत्तीचा विचार ‘पिशवी काढण्या’पासून वेगळा करता येत नाही. गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते, पण बीजांडकोश शाबूत असतील तर संप्रेरके पुढेही तयार होत राहतात, जरी ती थोडी लवकर आटू शकतात. बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. सवय व्हायला चार-पाच वर्षांचा वेळच मिळत नाही, झळा तीव्र असतात आणि हाडांची झीज तितकीच आधी सुरू होते. जुन्नर तालुक्यातल्या निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावातला भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या हद्दीत दर हंगामाला बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या उतरतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे एक ‘कोयता’ म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते आणि चुकलेल्या दिवसाचा खाडा भरावा लागतो. पाळीचे दुखणे या हिशेबात बसत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाते किंवा पाळी जास्त जाते एवढ्यावर, अनेकदा कर्करोगाची भीती घालून, तिशीतल्या बायकांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले गेले होते. यातल्या बहुतेक तक्रारी गोळ्यांनी, जंतुसंसर्गाच्या उपचाराने किंवा गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त साधनाने आटोक्यात येतात. इतर राज्यांतील अशाच शस्त्रक्रियांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना केंद्राची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. रजोनिवृत्ती जवळ आली असताना रक्तस्राव वाढला, तर ‘आता तिचा काय उपयोग’ म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय मानू नये.

बायका तपासायला येत नाहीत ही तक्रार जुनी आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या.

उपचारांत सर्वांत परिणामकारक म्हणजे संप्रेरक उपचार. 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा भाग स्तनकर्करोग व रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे थांबवला गेला आणि जगभर या उपचाराची धास्ती बसली. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, योग्य स्त्रीला, हा उपचार फायद्याचा ठरतो असे आता मानतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच. स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. कोरडेपणासाठी योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम पुरते. शतावरीसारख्या औषधांचा झळांवरील पुरावा तोकडा आहे.

शेतात दिवसभर राबणारीला ‘रोज चालायला जा’ असे सांगणे हास्यास्पद आहे. तिला विश्रांती आणि पोटभर प्रथिने हवीत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तंबाखूची मिश्री सोडावी. हसता-खोकताना लघवी निसटत असेल तर लघवी रोखताना आवळतो ते स्नायू रोज आवळून सोडण्याचा व्यायाम उपयोगी पडतो.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले तरी थांबू नये. सोनोग्राफी व गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासून गर्भाशयाचा कर्करोग नाही याची खात्री करावी लागते. नारायणगाव, जुन्नर आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालये व मंचरचे उपजिल्हा रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणे. आशाताई तिशीपुढच्या व्यक्तींचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात बायकांना पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाबद्दल प्रश्न असतो. झळांसाठी त्यात रकाना नाही.