प्रदर्शनाची तारीख आणि निजामाची हद्द

एखादी कलाकृती सिद्ध झाली म्हणजे ती सर्वांना एकाच दिवशी मिळावी, ही अपेक्षा फार अलीकडची आहे. जपानच्या निन्तेंडो कंपनीने आपले 'फॅमिकॉम' हे व्हिडिओ-खेळांचे यंत्र 15 जुलै 1983 रोजी स्वदेशात विक्रीस काढले. तेच यंत्र नाव व रूप पालटून अमेरिकेत 1985 साली आणि युरोपात 1986 साली पोहोचले. भाषा निराळ्या, व्यापारी निराळे, दूरचित्रवाणीची पद्धतही निराळी. कारणे खोटी नव्हती. पण शेवटी जगाचे तुकडे पडले ते व्यापाराच्या सोयीने, आणि तारखा त्या तुकड्यांना वाटल्या गेल्या. आम्हां बीडकरांस हा प्रकार नवा नाही. आमच्याकडे तो चित्रपटाच्या रूपाने आला, आणि त्याच्या मुळाशी होती निजामाची हद्द.

चित्रपटाचा निर्माता बहुधा उसन्या पैशावर चित्र काढी. पैसा लवकर सुटावा म्हणून तो देशाचे विभाग पाडून प्रत्येकाचे हक्क निरनिराळ्या वितरकांस विकी. हे विभाग ब्रिटिश अमदानीतील राज्यांवरून बेतलेले होते: मुंबई, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजाम, म्हैसूर इत्यादी. आजचा महाराष्ट्र त्यामुळे तीन ठिकाणी वाटला गेला. पुणे-नगर मुंबईकडे, विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि मराठवाडा निजामात.

ही आखणी मुळात वेडगळ नव्हती, एवढे कबूल केले पाहिजे. हैदराबाद संस्थानात करोडगिरीचे नाके होते, म्हणजे माल हद्दीत आला की जकात. नाणेही वेगळे. सात हाली रुपये तेव्हा सहा कलदार रुपये होत. मुंबईच्या वितरकाने आष्टी-पाटोद्याचा हिशेब कोणत्या नाण्यात ठेवावा? त्यापेक्षा हैदराबादच्या माणसालाच सारा मुलूख देऊन मोकळे व्हावे, हा विचार व्यवहाराला धरूनच होता.

नवल आहे ते पुढचे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. (स्वातंत्र्यही आमच्याकडे तेरा महिने उशिरानेच प्रदर्शित झाले, असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही.) 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. कचेऱ्यांतील दप्तरे मुंबईकडे वळली, हाली शिक्का चलनातून गेला, नाके उठले. चित्रपटाच्या वहीत मात्र आम्ही निजामाचेच राहिलो.

याचा अर्थ काय होतो हे 'शोले'वरून पाहावे. मुंबईत तो 15 ऑगस्ट 1975 रोजी लागला. हैदराबाद, दिल्ली, बंगाल वगैरे विभागांत तो 11 ऑक्टोबरला आला. म्हणजे सत्तावन्न दिवसांचे अंतर. आणि ही झाली विभागाची तारीख. त्यानंतर आधी मोठी शहरे, मग जिल्ह्याची गावे, मग तालुके आणि जत्रेतले तंबू, असा क्रम असे.

हा क्रम का, तर प्रती थोड्या. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. तीन तासांच्या चित्राला सोळा हजारांवर फूट फीत लागे, हजार फुटांची रिळे धरली तर सोळा-सतरा. अशी प्रत काढणे खर्चाचे. म्हणून तीच पत्र्याच्या पेटीत घालून गावोगाव फिरवीत. फीत तुटली की दोन-चार चौकटी कापून जोडायची. शेवटच्या गावाला चित्र पोहोचे तेव्हा पडद्यावर पाऊस पडत असे आणि नायकाचे अर्धे वाक्य गळालेले असे. दर मात्र तिकिटाचाच. आमच्या मते उशिरापेक्षा हे अधिक लागणारे होते. उशीर सोसता येतो, उष्टे ताट सोसवत नाही.

गाणी तेवढी या हद्दीला जुमानीत नसत. 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत जे गाणे ऐकू येई तेच, त्याच क्षणी, रेडिओ असेल त्या घरी बीडमध्येही. चित्र येण्याआधी त्याची गाणी पाठ झालेली असत.

यावर कोणी म्हणेल, बीड पडले आडबाजूला, शहरात आगगाडी आली तीच मुळी 17 सप्टेंबर 2025 रोजी, उशीर व्हायचाच. परंतु आष्टीचा विचार करावा. आष्टीहून बीडपेक्षा नगर जवळ. नगरला लागलेले चित्र पेटीत घालून मोटारीने आणावे तर दोन तासांचेही काम नव्हे. तरीही मधून हद्द गेलेली. नगरच्या वितरकाला आष्टीत पेटी पाठविण्याचा हक्कच नव्हता. रस्ता होता, मोटार होती, परवाना तेवढा नव्हता.

या शतकात फीत गेली. चित्र उपग्रहावरून अथवा तबकडीवरून थेट चित्रगृहात उतरू लागले आणि प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ सरला. 29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला तेव्हा जिल्ह्याच्या गावांना उरलेल्या पेटीची वाट पाहावी लागली नाही. चित्रपटधंद्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यांत मात्र आजही 'निजाम' हा रकाना असतो, आणि तेलंगणाबरोबर मराठवाड्याचा गल्ला त्यातच धरला जातो.