लेडन जार ते टेस्ला कॉइल : घरगुती कपॅसिटरचा इतिहास

विद्यार्थ्यांनो, टेस्ला कॉइलचा प्रकल्प हाती घेतला की पहिली अडचण येते ती प्राथमिक कपॅसिटरची. तांब्याची तार बाजारात मिळते, पीव्हीसी पाइप मिळतो, निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मरही शोधून सापडतो. मात्र २०,००० व्होल्ट सहन करणारा आणि सेकंदाला शंभर वेळा रिकामा होणारा कपॅसिटर ना दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये सहज मिळत, ना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. म्हणून हौशी मंडळी तो स्वतः बनवतात. ही गरज आजची नाही. कपॅसिटरचा जन्मच घरगुती सामानातून झाला. या टिपणात तो इतिहास आणि त्यातून निघणारे अभियांत्रिकी धडे पाहू.

१. एका हाताची गोष्ट

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, मॅक्स म्यूलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर या तीन संस्था आहेत. कपॅसिटरच्या इतिहासाचा मोठा भाग याच तीन देशांत घडला. त्यात भर घालायची ती हॉलंडची.

११ ऑक्टोबर १७४५ रोजी पोमेरानियातील कामिन येथे एवाल्ड फॉन क्लाइस्ट या जर्मन धर्माधिकाऱ्याने औषधाच्या बाटलीत खिळा बसवून ती घर्षणयंत्राने भारित केली. बाटली एका हातात धरून दुसऱ्या हाताने खिळ्याला स्पर्श करताच त्याला जबर झटका बसला. त्याने हा प्रयोग पत्रांतून कळवला, पण इतरांना तो जमेना. कारण बाटली हातात धरणे अत्यावश्यक आहे, हे त्या वर्णनातून वाचणाऱ्यांना नीट उमगले नाही.

काही महिन्यांतच लेडन येथे पीटर फान मुशेनब्रूक यांच्या प्रयोगशाळेत तेच घडले. विद्युतप्रभार निसटू नये म्हणून वस्तू विद्युतरोधक बैठकीवर ठेवावी, हा त्या काळच्या जाणकारांचा नियम होता. आंद्रेआस कुनेउस हा पेशाने वकील. त्याने पाण्याने भरलेले भांडे सरळ हातात धरले आणि झटका खाल्ला. नियम पाळणाऱ्यांना जे दिसले नाही, ते नियम न पाळणाऱ्याच्या हाती लागले. जानेवारी १७४६ मध्ये मुशेनब्रूक यांनी पॅरिसच्या रेओम्यूर यांना याबद्दल लिहिले आणि प्रयोग युरोपभर पसरला. फ्रान्समध्ये नोले यांनी १८० सैनिकांची साखळी करून सर्वांना एकाच वेळी झटका दिला.

आज आपण याचे स्पष्टीकरण देऊ शकतो. आतले पाणी ही एक पट्टिका, बाहेरचा तळहात ही दुसरी आणि मधली काच हा डायइलेक्ट्रिक. बैठकीवर ठेवलेल्या बाटलीला दुसरी पट्टिकाच नव्हती. पुढे इंग्लंडमध्ये बेव्हिस आणि वॉटसन यांनी हाताऐवजी धातूचा पातळ पत्रा वापरला आणि लेडन जारला परिचित रूप आले. या जारचा मान इतका, की ब्रिटिश नौदलात ‘जार’ हे धारकतेचे एककच झाले. १ जार म्हणजे सुमारे १.११ नॅनोफॅरड.

२. फ्रँकलिन आणि टर्की

बेंजामिन फ्रँकलिन यांनी काचेच्या अकरा तावदानांना शिशाचे पत्रे लावून ती एकत्र जोडली आणि या जुळणीला ‘बॅटरी’ म्हटले. तोफांच्या रांगेसाठी वापरला जाणारा हा शब्द विजेच्या क्षेत्रात आला तो असा. सपाट पट्टिकांचा कपॅसिटर म्हणून आपण ज्याचे सूत्र शिकतो, त्याचा हा पूर्वज.

डिसेंबर १७५० मध्ये फ्रँकलिन दोन मोठ्या जारांच्या साहाय्याने टर्की मारण्याचा प्रयोग करत होते. भोवती मंडळी गप्पा मारत होती. एक हात वरच्या तारांवर, दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी, आणि सारा प्रभार त्यांच्या शरीरातून गेला. काही क्षण त्यांची शुद्ध हरपली. उपस्थितांनी पिस्तुलासारखा आवाज ऐकला, स्वतः फ्रँकलिन यांना तो ऐकू आला नाही. विजेबद्दल त्या काळी त्यांच्याइतके जाणणारे लोक थोडे होते. म्हणजे हा अपघात अज्ञानाने झाला नव्हता. लक्ष विचलित झाले आणि दोन्ही हात मंडलात होते, म्हणून झाला.

३. तंजावरचे विद्युतयंत्र

ही विद्या भारतात केवळ पाठ्यपुस्तकांतून आली असे नाही. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) जर्मन धर्मप्रचारक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले. सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव देणाऱ्या या राजाच्या संग्रहात वायुपंप, हस्तिदंती सांगाडा यांच्याबरोबर घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही होते. अशा यंत्राच्या जोडीला लेडन जार वापरण्याची तेव्हाची रीत होती. कोलकात्यात किंवा मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

४. टेस्लाच्या बाटल्या

निकोला टेस्ला यांनी २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात उच्च वारंवारतेचे प्रयोग दाखवले. त्यांच्या कॉइलमध्ये कपॅसिटर भरतो, ठिणगीच्या फटीतून प्राथमिक वेटोळ्यात रिकामा होतो आणि दोलन सुरू होते. इथे लेडन जारच्या मर्यादा उघड झाल्या. सेकंदाला लाखो दोलने होताना काच तापते. शिवाय पत्र्याच्या कडेला हवेत निळसर विसर्जन, म्हणजे कोरोना, होऊन रोधक हळूहळू खराब होतो. ८ डिसेंबर १८९१ च्या पेटंटात टेस्ला यांनी उपाय सांगितला : पट्टिका तेलात बुडवा, मधली हवा पूर्ण काढून टाका.

पण १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरपूर धारकता हवी होती, तेव्हा ते पुन्हा बाटल्यांकडेच वळले. खनिज पाण्याच्या बाटल्यांत मिठाचे द्रावण भरून त्या द्रावणाच्याच टाकीत उभ्या केल्या. आतले द्रावण एक पट्टिका, बाहेरचे दुसरी. हौशी लोक आजही बिअरच्या बाटल्यांचा जो कपॅसिटर करतात, तो हाच.

५. बाटलीपासून साखळीपर्यंत

बाटल्यांनंतर हौशी मंडळींनी पॉलिथिनचे ताव आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांच्या गुंडाळ्या करून तेलात बुडवल्या. मधे हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तिथेच रोधक फुटे. म्हणून आता बहुतेक जण पॉलिप्रॉपिलीनचे तयार छोटे कपॅसिटर साखळीने जोडतात. पॉलिप्रॉपिलीनमधील ऊर्जाक्षय साध्या काचेपेक्षा कित्येक पटींनी कमी असतो.

हिशोब पाहा. ०.१ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे १० कपॅसिटर एकसर जोडले तर धारकता १० नॅनोफॅरड होते आणि व्होल्टेजची मर्यादा २०,००० व्होल्ट. साठलेली ऊर्जा ½CV², म्हणजे २ ज्यूल. आकडा लहान वाटतो, पण ही ऊर्जा २ मायक्रोसेकंदांत बाहेर पडली तर सरासरी शक्ती १० लाख वॅट होते. सतत बदलत्या उच्च व्होल्टेजसाठी मर्यादेवर काम न करता पुरेशी जादा क्षमता ठेवावी लागते, म्हणून प्रत्यक्ष साखळी याहून लांब असते.

६. धोका कुठे आहे

पहिला धोका ट्रान्सफॉर्मरचा. १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर हा प्रवाह माणूस मारू शकतो. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इथे वाचवत नाही, कारण दुय्यम बाजूचा प्रवाह त्याला दिसतच नाही.

दुसरा धोका उरलेल्या प्रभाराचा. प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगाओहमचा, व्होल्टेज सहन करणारा रोध समांतर लावतात. ०.१ मायक्रोफॅरडसाठी कालस्थिरांक १ सेकंद येतो, म्हणजे ५ सेकंदांत व्होल्टेज १ टक्क्याच्या खाली. तरीही रोध तुटलेला असू शकतो. शिवाय काही रोधक प्रभार शोषून ठेवतात आणि एकदा शॉर्ट केल्यावरही थोड्या वेळाने टोकांवर व्होल्टेज परत दिसते. म्हणून पुरवठा तोडून, पृथ्वीला जोडलेल्या रोधक दांड्याने कपॅसिटर रिकामा करणे आणि टोके जोडूनच ठेवणे, ही शिस्त आहे. हे काम उच्च व्होल्टेजचा अनुभव असलेल्या शिक्षकाच्या उपस्थितीतच करावे, एकट्याने कधीही नाही.

तिसरा धोका भंगाराचा. जुन्या तेलभरल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी द्रव्य असू शकते. अमेरिकेने त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी घातली, पण जुने डबे अजून फिरतात. स्वस्त मिळाला म्हणून असा डबा फोडू नये.

क्लाइस्टच्या पत्राकडे पुन्हा पाहा. प्रयोग खरा होता, पण वर्णनात हाताची भूमिका स्पष्ट झाली नाही आणि वाचणाऱ्यांचे प्रयोग फसले. उच्च व्होल्टेजच्या कामात अशी त्रुटी राहिली तर प्रयोग फसण्यावर भागत नाही. प्रकल्पाच्या अहवालात धारकता आणि व्होल्टेज सगळेच लिहितात. कपॅसिटर रिकामा कसा केला, त्या वेळी कोण कुठे उभे होते आणि कोणाचा हात कुठे होता, हेही त्याच अहवालात लिहा. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी तेच वाचून काम करणार आहेत.

स्वाध्याय

१. रोधक बैठकीवर ठेवलेली पाण्याची बाटली फारसा प्रभार का साठवत नाही? आकृतीसह सांगा.
२. वरील साखळीत एक कपॅसिटर शॉर्ट झाला तर उरलेल्या ९ कपॅसिटरपैकी प्रत्येकावर किती व्होल्ट येतील? त्याचा परिणाम काय होईल?
३. फ्रँकलिन यांचा अपघात टाळण्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेत कोणते तीन नियम लावाल?